सोबत आणखी एक नर्तिका होती

मी, खाली सही करणारी, वय त्र्याहत्तर पूर्ण, व्यवसाय नृत्यसमीक्षा, हे माझे मृत्युपत्र स्वतःच्या बुद्धीने आणि स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. मला कोणी धाक घातलेला नाही की भरीस पाडलेले नाही. माझी बुद्धी शाबूत असल्याचा दाखला आमच्या डॉक्टरीणबाईंनी दिला आहे आणि तो सोबत टाचला आहे. त्यासाठी त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला लावले. दोन वजाबाक्या चुकल्या. मी त्यांना म्हटले की माझे गणित शाळेपासूनच कच्चे आहे, त्यापेक्षा चाळीस वर्षांपूर्वीच्या एखाद्या कार्यक्रमात कोणाचा कोणता पाय उशिरा पडला ते विचारा. त्यांनी विचारले, मी सांगितले, आणि त्यांनी दाखल्यावर सही केली.

१२ मार्चला, गुरुवारी, माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. पण हे लिहायला बसण्याचे खरे कारण झडप नाही. गेल्या महिन्यात माझा भाचा, म्हणजे धाकट्या भावाचा मुलगा, जेवायला आला होता. जेवता जेवता तो म्हणाला, "आत्या, तुझ्यानंतर मावशींची कुठेतरी सोय बघावी लागेल ना? मी एक-दोन वृद्धाश्रम बघून ठेवलेत. स्वच्छ आहेत." मावशी म्हणजे माझी जोडीदार. ती त्या वेळी त्याच्या ताटात भाजी वाढत होती. तिने हातातली पळी पुन्हा भांड्यात ठेवली आणि आत गेली.

सर्वांची नावे आणि पत्ते वकीलबाईंनी वेगळ्या पानावर उतरवून घेतले आहेत. येथे मी माणसांना त्यांच्या नात्याने आणि कामाने ओळखते.

कलम १. घर. तिसऱ्या मजल्यावरचे हे तीन खोल्यांचे घर, त्यातील सामान, पुस्तके, आरसा लावलेली नाचाची खोली आणि गच्चीवरच्या कुंड्या यांसह, मी माझ्या जोडीदाराला देते. घर स्वकष्टार्जित आहे. माझ्या वडिलांचा, भावाचा किंवा भाच्याचा त्यात एका विटेचाही संबंध नाही. संबंध आहे तो तिचा. घर घेताना आम्ही दोघींनी मिळून अर्ज केला होता. बँकेतल्या साहेबांनी विचारले, "तुमचं नातं काय?" आम्ही एकमेकींकडे पाहिले. साहेब म्हणाले, "मग एकीच्याच नावावर करा." माझी नोकरी वर्तमानपत्रातली, पक्की. तिची कमाई क्लासची आणि कार्यक्रमांची. म्हणून कागदावर मी एकटी आले.

वकीलबाईंनी पहिल्या मसुद्यात 'माझी मैत्रीण' असे लिहिले होते. "बरं पडेल, कोर्टात कमी प्रश्न येतील," त्या म्हणाल्या. मी म्हटले, "मैत्रिणी मला सतरा आहेत. सतराजणी पिशव्या घेऊन दारात उभ्या राहिल्या तर?" त्यांनी हसत हसत शब्द खोडला. जोडीदार हाच शब्द या दस्तऐवजात सर्वत्र धरावा.

आता एक कबुली. इमारतीच्या कार्यालयात रहिवाशांची नोंदवही आहे. तिच्यात आमच्या घरापुढे, नात्याच्या रकान्यात, तिच्या नावासमोर 'भाडेकरू' असे लिहिलेले आहे. छत्तीस वर्षे ते तसेच आहे. अक्षर माझे आहे. त्या दिवशी तोच शब्द सोपा वाटला. माझ्या भाच्याने ती वही पाहिली आहे हे मला ठाऊक आहे, कारण वृद्धाश्रमाची गोष्ट त्याला त्यानंतरच सुचली. ती नोंद खोटी आहे. तिने मला कधी भाडे दिलेले नाही, आणि दिले असते तर मी ते तोंडावर फेकले असते.

कलम २. देह. गुरुवारी काही बरेवाईट झाले तर पुढचे सर्व निर्णय तिचे. शोकसभा घ्यायची की नाही हेही तीच ठरवील. घेतलीच, आणि त्यात कोणी उभे राहून मी एकाकी आयुष्य काढले असे म्हणाले, तर त्या माणसाला हाताला धरून खाली बसवावे. बातमीत 'त्या अविवाहित होत्या' हे वाक्य नको.

कलम ३. वह्या. माझ्या एक्केचाळीस वह्या संघटनेच्या वाचनालयाला द्याव्यात. संघटना म्हणजे शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत दर शनिवारी दुपारी भरणारी आमची बायकांची संघटना, जिच्यात मी वयाच्या तिसाव्या वर्षी गेले आणि अजून आहे. वह्या वाचणाऱ्यांसाठी सूचना : या सर्व अंधारात लिहिलेल्या आहेत. प्रेक्षागृहात मी कधी बॅटरी लावली नाही, नाचणाऱ्याच्या डोळ्यांत उजेड जातो. डाव्या हाताचा अंगठा कागदावर ठेवायचा, एक ओळ झाली की अंगठा खाली सरकवायचा, अशी माझी पद्धत. नाच रंगला की अंगठा सरकवायचे भान राहत नसे. म्हणून जिथे ओळी एकमेकींवर चढल्या आहेत आणि काही वाचता येत नाही, तिथे कार्यक्रम उत्तम झाला असे समजावे.

मी नाचाकडे कशी पाहायला शिकले तेही येथे नोंदवते, कारण त्याबद्दल बरेच बोलले गेले आहे. नोकरीला लागले तेव्हा मीही इतरांसारखीच लिहीत असे : मुद्रा, लय, पोशाख. शनिवारच्या खोलीत बायकांचे बोलणे ऐकले आणि रविवारी रंगमंचावरची विरहिणी पाहिली. ती तासभर दाराकडे डोळे लावून बसली होती. मी लिहिले की गेल्या वर्षभरात मी तेवीस विरहिणी पाहिल्या आणि एकीलाही दुसरे काही काम नव्हते. तो नाच बसवणारे मोठे गुरुजी चिडले. पुढच्या कार्यक्रमाच्या मध्यंतरात सर्वांसमोर म्हणाले, "बाई, तुम्ही नाच बघायला येता की भांडायला?" मी म्हटले, "दोन्ही. तिकीट एकच लागतं." त्या दिवसापासून नाचणारे मला 'कात्री' म्हणू लागले. हे नाव मी अभिमानाने वापरते आणि ते कोणालाही देऊन जात नाही.

कलम ४. टेलिफोन. आमच्या घरचा जुना फोन, त्याच्या नंबरासकट, संघटनेकडे जावा आणि दर मंगळवारी चार ते सहा तो कोणीतरी उचलावा. संघटनेतल्या काहीजणी सुरुवातीला आम्हाला म्हणत, "आधी मारहाण, मग पगार, तुमचं नंतर बघू." आम्ही नंतरची वाट पाहिली नाही. पेपरातल्या छोट्या जाहिरातींत एक ओळ दिली : 'नृत्यवर्गाची चौकशी, फक्त महिलांसाठी, मंगळवारी चार ते सहा.' ज्यांना कळायचे त्यांना बरोबर कळत असे. फोन वाजायचा, पलीकडे आधी नुसता श्वास, मग एखादी हळूच म्हणायची, "क्लास... म्हणजे... माझ्यासारख्या आणखी कोणी येतात का?" मी म्हणायची, "येतात. आणि मीही तीच आहे. बोल." अशा किती जणींशी बोललो ते मोजलेले नाही. दोघीतिघींनी फोन ठेवण्यापूर्वी सांगितले की आज पहिल्यांदा पोटभर रडले. या एका कामासाठी माझे आयुष्य कोणी मोठे म्हटले तर मी नाही म्हणणार नाही. घोटाळा एवढाच की काही बायका खरोखरच नाच शिकायला फोन करत. त्यांना परतवायचे कसे? शेवटी माझ्या जोडीदाराने आतल्या खोलीला आरसा लावला आणि घरीही क्लास सुरू केला.

कलम ५. शब्दकोश. माझा जाड शब्दकोश शेजारच्या वर्तमानपत्रातील समीक्षकाला द्यावा. 'विलोभनीय', 'मनोहारी' आणि 'डोळ्यांचे पारणे फेडणारे' हे तीन शब्द त्यात मी काळ्या शाईने झाकले आहेत. उरलेले वापरून पाहावेत.

कलम ६. मोठ्या प्रेक्षागृहाच्या समितीने दिलेले सन्मानचिन्ह समितीला परत करावे. कारण कलम ८ मध्ये आहे.

कलम ७. भाचा. तो वाईट नाही. लहानपणी तो माझ्या मांडीवर बसून नाटकाच्या तालमी बघायचा. त्याला माझ्या वडिलांचे घड्याळ आणि माझे लिहायचे टेबल द्यावे. महिन्यातून एकदा त्याने या घरी जेवायला यावे, मात्र मावशींना आधी विचारून.

कलम ८. दुरुस्ती. मी ज्या वर्तमानपत्रात अडतीस वर्षे लिहिले, त्याच्या संपादकांना माझी विनंती आहे की माझ्या मृत्यूनंतर पहिल्या रविवारी, माझ्याच स्तंभाच्या जागी, एक दुरुस्ती छापावी. मी चूक झाली तर ती कबूल करणारी समीक्षक होते. एका नर्तिकेच्या गुरूचे नाव चुकले, दुसऱ्या रविवारी चौकटीत दुरुस्ती दिली. एक राहून गेली आहे. ती का राहिली ते सांगितल्याशिवाय मला सही करता येणार नाही.

माझ्या जोडीदाराविषयी मी आयुष्यात दोनदाच लिहिले. पहिल्यांदा लिहिले तेव्हा ओळख नव्हती. मी लिहिले : 'या नर्तिकेचे पाय तालात आहेत, पण डोळे सारखे पडद्याआड जातात.' दोन दिवसांनी ती वर्तमानपत्राच्या कचेरीत आली आणि माझ्या टेबलावर पेपर ठेवून म्हणाली, "पडद्याआड घड्याळ होतं. माझी शेवटची बस नऊ वीसला होती. तुम्ही कधी बसने जाता का?" मी त्या दिवशी तिच्याबरोबर बसने गेले. पुढे एकत्र राहू लागलो आणि मी नियम केला : घरच्या माणसाची समीक्षा करायची नाही. नियम चांगला आहे. समीक्षकाने तो पाळावा असे मी आजही म्हणेन.

एकतीस वर्षांपूर्वी तिने 'दोघी' नावाचा नाच बसवला. ती आणि तिची एक शिष्या, बाकी कोणी नाही. त्यात कोणी कोणाची वाट पाहत नाही. एक बाई दुसरीचे केस विंचरते, वेणी घालते, चुकते, सोडते, पुन्हा घालते, आणि मग दोघी उठून कामाला लागतात. प्रेक्षागृहाच्या समितीने तालीम पाहिली आणि प्रयोगाच्या दिवशी दुपारी दाराला कुलूप घातले. अध्यक्ष म्हणाले, "कुटुंबासह बघण्यासारखं नाही." केस विंचरणे! त्यांच्या घरी काय सगळे टकले होते?

माझ्या जोडीदाराने पायात चाळ बांधले आणि बाहेरच्या पायऱ्यांवर नाच सुरू केला. समितीने ध्वनिफितीच्या यंत्राची वीज तोडली. तेव्हा संघटनेतल्या बायका, त्याच, 'तुमचं नंतर बघू' म्हणणाऱ्या, रस्त्यावर उभ्या राहून हातांनी ताल देऊ लागल्या. चाळीस मिनिटे दिला. तळवे लाल झाले, पण एकही मात्रा सुटली नाही. तिच्या कार्यक्रमांची प्रकाशयोजना करणाऱ्या बाई दुपारी चार वाजता दिवे लागत नाहीत हे माहीत असूनही आल्या होत्या आणि गर्दी मागे सारत होत्या. एक शिपाई टोपी काखेत धरून शेवटपर्यंत बघत राहिला. मी तळाच्या पायरीवर वही घेऊन बसले होते. केस विंचरण्याचा भाग आला आणि माझा हात थांबला. तो आमच्या घरचा सकाळचा पावणेआठचा नाच होता. फणी माझी होती, ते केस माझे होते, मान तिरकी करून कुरकुरण्याची खोडही माझी होती. तिने मला शेकडो लोकांसमोर नाचून दाखवले होते आणि मी इतकी घाबरले की वही मिटून टाकली.

कचेरीत गेले. समितीवर कडक लिहिले, बायकांच्या तालावर लिहिले, शिष्येच्या पावलांवर दोनशे शब्द लिहिले. शेवटी एक वाक्य घातले : 'सोबत आणखी एक नर्तिका होती.' तेव्हाचे संपादक म्हणाले, "त्या तुमच्या मैत्रीण ना? त्यांच्यावर एवढंच?" मी म्हटले, "आम्ही एका घरात राहतो. भाडं वाटून घेतो. म्हणून लिहीत नाही." घर आमचेच होते, भाडे कसले?

सकाळी तिने पेपर वाचला. चहा निवला तरी वाचत होती. मग म्हणाली, "मला वगळलंस."

"नियम आहे," मी म्हटले.

"पायऱ्यांवर मी तुझ्या घरचं माणूस नव्हते. नाचणारी होते. आणि घरचं माणूस म्हणून सोडायचं होतं तर तसं लिहायचं. लिहिलंस का?"

तसे लिहिले नव्हते. नियमाच्या आड भीती लपली होती आणि ती तिला पहिल्या वाचनात दिसली होती. त्यानंतर तिने 'दोघी' पुन्हा केला नाही. त्या नाचाचे चित्रीकरण नाही, छायाचित्र नाही. लिखित पुरावा एकच आहे, तो माझा, आणि त्यात ती नाही. मंगळवारी फोनवर मी मुलींना सांगत होते, लपू नका. तिने हे मला कधी सुनावले नाही, तिचा खानदानीपणा असा आहे.

छापायची दुरुस्ती पुढीलप्रमाणे :

'एकतीस वर्षांपूर्वी या स्तंभात, प्रेक्षागृहाच्या बारा पायऱ्यांवर झालेल्या "दोघी" या नृत्याविषयी लिहिताना "सोबत आणखी एक नर्तिका होती" असे छापले गेले. ते चूक आहे. (येथे तिचे नाव, ठळक अक्षरात.) "दोघी"ची कल्पना, रचना आणि प्रमुख नृत्य तिचे होते. फणी नसताना फणी दिसावी, केस नसताना त्यांचा गुंता बोटांना लागावा, इतके खरे काम मी त्याआधी आणि त्यानंतर पाहिलेले नाही. मी आयुष्यात पाहिलेला तो सर्वांत धीट नाच आहे. ती माझी जोडीदार आहे, तेव्हाही होती, आणि हे तेव्हा लिहायची मला भीती वाटली. तिची आणि वाचकांची मी क्षमा मागते.'

कलम ९. कलम ८ रद्द समजावे. वकीलबाई म्हणाल्या, पान फाडून नवे लिहा. मी नकार दिला. चूक खोडलेली दिसली पाहिजे, नाहीतर ती दुरुस्ती नव्हे. रद्द होण्याचे कारण असे.

येथवरचा मसुदा मी गेल्या सोमवारी जोडीदाराला वाचायला दिला. मला वाटले, तिला बरे वाटेल. तिने शेवटपर्यंत वाचले, चष्मा काढला, पुन्हा लावला आणि ताडकन म्हणाली, "तू गेल्यावर मी हा पेपर बंद करणार आहे. मग ही दुरुस्ती वाचणार कोण?"

"लोक वाचतील," मी म्हटले.

"लोकांसाठी नाचले होते का मी? तुझ्यासाठी नाचले होते. मेल्यावर धीट व्हायला काय लागतं? जिवंत आहेस तोवर छाप, नाहीतर फाडून टाक."

मंगळवारी मी जिने उतरून आधी इमारतीच्या कार्यालयात गेले. चिटणीसांनी वही काढली, छत्तीस वर्षांपूर्वीचे पान शोधले. "काय लिहायचं?" त्यांनी विचारले. मी म्हटले, "जोडीदार." ते म्हणाले, "म्हणजे धंद्यातल्या?" "नाही, संसारातल्या." ते हातातले पेन माझ्यापुढे करून म्हणाले, "तुम्हीच लिहा. नोंदीत खोट नको." मी 'भाडेकरू' एका रेघेने खोडले आणि शेजारी लिहिले. त्यांनी शिक्का मारला. कलम १ मधील कबुलीला हे जोडून वाचावे.

तिथून कचेरीत. आताची संपादक माझ्या हाताखाली शिकलेली पोरगी आहे. ती म्हणाली, "ताई, एकतीस वर्षांपूर्वीची दुरुस्ती? रविवारी जागाच नाही." मी म्हटले, "माझ्या मृत्यूची बातमी तू आधीच लिहून ठेवली असशील. तिच्या जागेतली थोडी आत्ता दे." ती ओशाळली. लिहून ठेवलेली होती. मग तिने मजकूर वाचला, उठून दार लावले आणि म्हणाली, "चौकट नको. पूर्ण स्तंभ देते."

काल रविवारी ती छापून आली, तिच्या नावासकट, ठळक अक्षरात.

दहाच्या सुमाराला भाच्याचा फोन आला. "आत्या, पेपरात काय छापून आणलंस?"

"दुरुस्ती."

"मला सकाळपासून लोक विचारतायत."

"काय विचारतायत?"

तो म्हणाला, "मावशी एवढं छान नाचायच्या, तू कधी बोलला नाहीस, असं." आणि पुढे म्हणाला, "मला तरी कुठे माहीत होतं? तुम्ही दोघींनी कधी सांगितलंच नाही." हे त्याचे म्हणणे खरे आहे आणि ते मी येथे मान्य करते. गुरुवारी रुग्णालयात तो येणार आहे. त्याने आपणहून मावशींना विचारले, येऊ का म्हणून.

तिने स्तंभ दोनदा वाचला. मी समोर बसून होते. आयुष्यभर लोकांना माझ्या लिखाणाची वाट पाहायला लावली, पण स्वतः अशी कधी ताटकळले नव्हते. शेवटी तिने पेपरावर बोट ठेवले. "बारा लिहिलंयस. पायऱ्या अकरा होत्या. मी मोजून पावलं बसवली होती."

"मसुदा दिला तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तेव्हा चष्म्यातून नीट दिसत नव्हतं," ती म्हणाली.

संपादकांना कळवले आहे. अकरा पायऱ्यांची दुरुस्ती मी शुद्धीवर आल्यावर स्वतः लिहीन, दुसऱ्या कोणी लिहू नये.

कलम १०. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. याआधी मी कोठे काही लिहून ठेवलेले नाही. यानंतर काही बदलले तर तेही असेच उघडपणे बदलीन.

वरील सर्व मी लिहिले, वाचले, आणि मला ते पटते.

ठिकाण : आमचे राहते घर
दिनांक : ९ मार्च, सोमवार
सही : (सही केली आहे)

साक्षीदार

१. डॉक्टरीणबाई. सही माझ्यासमोर झाली. बुद्धी पूर्ण शाबूत, वजाबाकी सोडून.

२. प्रकाशयोजनाकार, निवृत्त. सही माझ्यासमोर झाली. घर ज्यांना मिळणार त्यांना साक्षीदार होता येत नाही असे वकीलबाईंनी सांगितल्यावरून त्यांची सही येथे घेतलेली नाही. मात्र खरे ते लिहिण्याची मला मुभा आहे म्हणून नोंदवते की सही होईपर्यंत कागद यांच्या जोडीदारांनी दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.